देणारा आणि घेणारा: आम्ल-आम्लारीची जोडी जुळवणारे ब्रॉन्स्टेड

बारावी सायन्सला केमिस्ट्री शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना एक नाव हमखास पाठ असतं, ब्रॉन्स्टेड-लॉरी. आयनिक इक्विलिब्रियमच्या धड्यात ते येतं. व्याख्या दोन ओळींची आहे. प्रोटॉन देतो तो अ‍ॅसिड, प्रोटॉन घेतो तो बेस. मग कॉन्जुगेट अ‍ॅसिड आणि कॉन्जुगेट बेसच्या जोड्या लावायच्या, दोन मार्क मिळवायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पुष्कळ मुलांना तर ब्रॉन्स्टेड-लॉरी हा एकच माणूस वाटतो. ही दोन वेगळी माणसं होती, दोन वेगळ्या देशांतली. त्यांपैकी ब्रॉन्स्टेड यांची ही ओळख. त्यांचं आयुष्य वाचलं की त्या दोन ओळीही जास्त चांगल्या समजतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

माळरानावरचं बालपण

योहानेस निकोलाउस ब्रॉन्स्टेड यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1879 रोजी डेन्मार्कमधल्या वार्दे या छोट्या गावी झाला. हा पश्चिम जटलंडचा भाग. त्या काळी तिथे मैलोन्‌मैल उजाड माळरान होतं. रेताड जमीन, सोसाट्याचा वारा, खुरटी झुडपं. त्याचे वडील इंजिनिअर होते आणि अशी पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्या संस्थेत काम करायचे. पाण्याचा निचरा करायचा, पाट काढायचे, झाडं लावायची, असं ते काम. त्या भागातली माती आम्लधर्मी. पीक घ्यायचं तर शेतकरी तिच्यात चुनखडीयुक्त माती मिसळायचे, म्हणजे आंबटपणा मारायचे. ज्या मुलाने पुढे अ‍ॅसिड आणि बेसची व्याख्याच बदलली, तो अशा मातीवर लहानाचा मोठा झाला.

योहानेसच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्याची आई वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. 1891 मध्ये कुटुंब ऑर्हुस शहरात राहायला गेलं आणि दोनच वर्षांनी, 1893 मध्ये, वडीलही गेले. मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता.

सावत्र आई म्हटलं की आपल्याकडच्या गोष्टींत ती बहुतेक वेळा वाईटच असते. इथे उलटं झालं. ही बाई पतीच्या माघारी सगळं कुटुंब घेऊन राजधानी कोपनहेगनला आली, कारण मुलांना चांगली तालीम तिथेच मिळणार होती. योहानेसला तिथल्या नावाजलेल्या मेट्रोपॉलिटन शाळेत घातलं. गणितात त्याचं डोकं चालायचं. घरातला कमावता माणूस गेल्यावर पोराची शाळा सुटते, हे आपण आजूबाजूला रोज पाहतो. त्या घरात ती सुटली नाही. पुढचं सगळं त्या एका निर्णयावर उभं आहे.

इंजिनिअर व्हायला निघालेला रसायनशास्त्रज्ञ

1897 मध्ये ब्रॉन्स्टेड पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. वडिलांसारखं इंजिनिअर व्हायचं ठरलेलं होतं. 1899 मध्ये त्यांनी तिथली पहिली पदवी घेतली, पण मन रसायनशास्त्रात रमलं होतं. मग त्यांनी वाट बदलली, कोपनहेगन विद्यापीठात गेले आणि 1902 मध्ये तिथली पदवी मिळवली. 1903 मध्ये शार्लोट वारबर्ग या सहाध्यायी मुलीशी त्यांचं लग्न झालं. 1905 मध्ये ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सहायक झाले. 1908 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी त्याच विद्यापीठात ते प्राध्यापकही झाले. वय फक्त एकोणतीस.

त्या वर्षांत कोपनहेगन हे शहरच विज्ञानाने भारलेलं होतं. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी 1909 मध्ये आम्लता मोजण्याची पीएच ही पट्टी मांडली. पुढे नील्स बोर यांची संस्था उभी राहिली. हंगेरीहून हेवेशी नावाचे तरुण शास्त्रज्ञ तिथे आले. त्यांच्याबरोबर ब्रॉन्स्टेड यांनी एक नाजूक प्रयोग केला. पाऱ्याचे अणू सगळे एकाच वजनाचे नसतात, काही हलके तर काही जड असतात. फार कमी दाबाखाली पारा उडवला, तर हलके अणू थोडे जास्त उडतात. उडालेली वाफ या दोघांनी अतिथंड पृष्ठभागावर गोठवून वेगळी केली आणि दोन भागांच्या घनतेत बारीकसा फरक दाखवून दिला. हे 1920 च्या सुमाराचं काम. बारीक मोजमाप आणि सबुरी, ही दोन हत्यारं ब्रॉन्स्टेड यांच्याकडे होती. ती पुढे कामी आली.

जुन्या व्याख्येची अडचण

आता मूळ विषयाकडे येऊ. अ‍ॅसिड आणि बेस या गोष्टी माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. अल्कली हा शब्द तर अरबीतल्या अल-किली वरून आला. खारट जमिनीत वाढणारी झुडपं जाळून जी राख मिळायची, तिचं हे नाव. साबण आणि काच बनवायला ती वापरायचे. उर्दू माध्यमातली मुलं आज तेजाब, तुर्शा आणि असास म्हणतात, मराठी माध्यमातली आम्ल आणि आम्लारी म्हणतात. नावं जुनी आहेत. पण एखादी वस्तू आम्ल का असते, याचं नीट उत्तर बऱ्याच उशिरा मिळालं.

ते उत्तर स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनियस यांनी दिलं. 1884 च्या त्यांच्या प्रबंधाला विद्यापीठाने खालचा दर्जा दिला होता, आणि त्याच विचारासाठी 1903 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं सांगणं असं की पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देतं ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देतो तो बेस. दोघे एकत्र आले की पाणी आणि मीठ तयार होतं. दहावीपर्यंत आपण हेच शिकवतो आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे.

पण मग अमोनियाचं काय करायचं? अमोनियाच्या रेणूत हायड्रॉक्साइड नाहीच. एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन, संपलं. तरीही तो लाल लिटमस निळा करतो. धुण्याच्या सोड्यातही हायड्रॉक्साइड नसतं. सोडियम आणि कार्बोनेट असतं. तरी त्याचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं, मळ काढतं, बेससारखं वागतं. दुसरी अडचण अशी की जुनी व्याख्या पाण्याला बांधलेली होती. पाण्याऐवजी दुसऱ्या द्रवात तेच पदार्थ घातले तर त्यांना काय म्हणायचं? तिसरी अडचण सर्वांत खोल होती. हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन गेला की मागे उरतो उघडा प्रोटॉन, म्हणजे अणूच्या तुलनेत जवळजवळ लाख पटीने लहान कण. तो पाण्यात एकटा फिरूच शकत नाही. शेजारच्या पाण्याच्या रेणूला लगेच चिकटतो. म्हणजे आम्ल प्रोटॉन नुसता सोडून देत नाही. कोणीतरी तो घेणारा असावा लागतो.

1923: दोन ओळींचा विचार

1923 मध्ये ब्रॉन्स्टेड यांनी हॉलंडच्या एका रसायनशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला. त्यातला गाभा एका समीकरणात मावतो:

आम्ल ⇌ बेस + प्रोटॉन

आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा. बेस म्हणजे प्रोटॉन घेणारा. हायड्रॉक्साइडची अट गेली, पाण्याची अटही गेली. पण या समीकरणाची खरी खुबी मधल्या दुहेरी बाणात आहे. आम्लाने प्रोटॉन दिला की जे मागे उरतं, ते तोच प्रोटॉन परत घेऊ शकतं. म्हणजे जे उरलं, तो स्वतःच एक बेस आहे. यालाच कॉन्जुगेट बेस म्हणतात, मराठी पुस्तकात संयुग्मी आम्लारी. प्रत्येक आम्लाच्या पोटात एक बेस असतो आणि प्रत्येक बेस प्रोटॉन घेतल्यावर आम्ल होतो. दोघांत फरक फक्त एका प्रोटॉनचा.

सिरक्याचं उदाहरण घ्या. त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. त्याचा रेणू पाण्याला प्रोटॉन देतो, मागे अ‍ॅसेटेट आयन उरतो. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड हे आम्ल, अ‍ॅसेटेट हा त्याचा कॉन्जुगेट बेस. पाण्याने प्रोटॉन घेतला, म्हणून इथे पाणी बेस झालं. आता तेच पाणी अमोनियासमोर ठेवा. अमोनिया प्रोटॉन घेतो, पाणी देतं, आणि पाण्याचा हायड्रॉक्साइड मागे उरतो. इथे पाणी आम्ल झालं. पाणी तेच आहे, समोरचा बदलला.

आता धुण्याच्या सोड्याचं कोडंही सुटतं. कार्बोनेट हा बायकार्बोनेटचा कॉन्जुगेट बेस आहे. तो पाण्याकडून प्रोटॉन ओढून घेतो, हायड्रॉक्साइड मागे राहतो आणि पाणी बुळबुळीत लागतं. नवसागराचं उलटं. कल्हईवाले तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतात, ते अमोनियम क्लोराइड. त्यातला अमोनियम आयन हे अमोनियाचं कॉन्जुगेट अ‍ॅसिड. म्हणून नवसागराचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. आणि गरम भांड्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन भाग होतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा काळा थर काढतो, तेव्हा कुठे कथील नीट बसतं.

या जोडीतून आणखी एक हिशेब निघतो. जो सहज देतो, त्याच्याकडे उरलेला जोडीदार परत घ्यायला फारसा उत्सुक नसतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड हे जोरदार आम्ल, म्हणून त्याचा क्लोराइड आयन बेस म्हणून जवळजवळ निकामी. म्हणूनच साधं मीठ पाण्यात घातलं तर पाणी आंबटही होत नाही आणि बुळबुळीतही नाही. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड कमजोर, म्हणून अ‍ॅसेटेटमध्ये घेण्याची थोडी ताकद शिल्लक असते. आम्ल जितकं जोरदार, त्याचा कॉन्जुगेट बेस तितका कमजोर. 25 अंश सेल्सिअसला आम्लाच्या स्थिरांकाला त्याच्या कॉन्जुगेट बेसच्या स्थिरांकाने गुणलं की उत्तर नेहमी 10 चा उणे 14 वा घात येतं. एकाचा आकडा माहीत असेल तर दुसऱ्याचा काढता येतो. परीक्षेत मुलं हे सूत्र वापरतात, पण ते कुठून आलं हे जोडी समजल्याशिवाय कळत नाही.

दुसरं नाव कुणाचं?

आता लॉरी. थॉमस मार्टिन लॉरी हे इंग्लंडचे, केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक. ब्रॉन्स्टेड यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. त्याच 1923 साली त्यांनीही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला. हायड्रोजनचा अणू इतरांपेक्षा वेगळा का, या प्रश्नावरून ते तिथे पोहोचले होते. दोघांनी एकमेकांचं काही उचललं नव्हतं. एकाच वर्षी, समुद्राच्या दोन बाजूंना, दोन माणसं एकाच जागी येऊन पोहोचली.

विज्ञानाच्या इतिहासात अशा वेळी पुष्कळदा भांडणं झाली आहेत, पहिला कोण यावरून. इथे मात्र जगाने दोन्ही नावं शेजारी-शेजारी ठेवली. तरीही ब्रॉन्स्टेड यांचं नाव आधी येतं, त्याला कारण आहे. आम्ल आणि बेस यांची स्वच्छ व्याख्या त्यांनी लिहिली आणि पुढे अनेक वर्षं ती प्रयोगाने तपासत राहिले.

ही तपासणी महत्त्वाची होती. नुसती व्याख्या बदलणं सोपं असतं. अ‍ॅसेटेटसारखा साधा आयन खरोखर बेसचं काम करतो का, हे दाखवायला हवं होतं. 1924 मध्ये ब्रॉन्स्टेड आणि त्यांचे सहकारी काय पेडरसन यांनी नायट्रामाइड नावाचा पदार्थ निवडला. तो पाण्यात हळूहळू फुटतो आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड वायू निघतो. वायू मोजला की प्रक्रियेचा वेग कळतो. बेस टाकला की वेग वाढतो. त्यांनी एकामागून एक वेगवेगळे कॉन्जुगेट बेस टाकून पाहिले. हायड्रॉक्साइड नसतानाही वेग वाढत होता. बेस जितका जोरदार, तितका वेग जास्त, आणि हे वाढणं एका ठरावीक नियमाने होत होतं. आज त्याला ब्रॉन्स्टेडचा उत्प्रेरण नियम म्हणतात. जे कागदावर लिहिलं होतं, ते काचेच्या भांड्यात दिसलं.

संस्था, शिष्य आणि एक न जमलेलं काम

1926-27 मध्ये ब्रॉन्स्टेड अमेरिकेत येल विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक होते. अमेरिकेतल्याच रॉकफेलर यांच्या पैशातून चालणाऱ्या शिक्षण मंडळाने कोपनहेगनमध्ये त्यांच्यासाठी भौतिक रसायनशास्त्राची संस्था उभारायला मदत केली. 1930 मध्ये ती सुरू झाली. देशोदेशीचे तरुण तिथे शिकायला येऊ लागले. ऑक्सफर्डचे आर. पी. बेल आधीच येऊन दाखल झाले होते. ते चार वर्षं राहिले आणि प्रोटॉनच्या देवाणघेवाणीचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर पुढे नेला.

सगळंच यशस्वी झालं असं नाही. उतारवयात ब्रॉन्स्टेड यांनी उष्मागतिकीची, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राची, मांडणी मुळापासून नव्याने करायचा घाट घातला. त्यावर खूप मेहनत घेतली, वाद झाले, पण बहुतेक शास्त्रज्ञांनी ती मांडणी स्वीकारली नाही. नोबेल पारितोषिकही त्यांना कधी मिळालं नाही. पण ज्याला नोबेल नाही त्याचं नाव जगभरातल्या मुलांना पाठ आहे.

युद्धाची वर्षं आणि शेवट

9 एप्रिल 1940 रोजी हिटलरच्या फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या. 5 मे 1945 पर्यंत देश त्यांच्या ताब्यात होता. ऑक्टोबर 1943 मध्ये ज्यू नागरिकांना पकडून नेण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा सामान्य डॅनिश माणसांनी सात हजारांहून अधिक लोकांना मासेमारीच्या होड्यांतून रातोरात स्वीडनला पोहोचवलं. बोर यांनाही देश सोडावा लागला. या काळात अनेक विद्वान गप्प राहून दिवस काढत होते. ब्रॉन्स्टेड नाझींच्या ठाम विरोधात उभे राहिले.

युद्ध संपल्यावर त्यांना आपल्या देशाच्या दक्षिण सीमेचा प्रश्न अस्वस्थ करू लागला. दक्षिण श्लेस्विग हा भाग 1864 च्या युद्धात डेन्मार्कच्या हातून गेला होता. तिथे राहणाऱ्या डॅनिश लोकांचं पुढे काय, यावर देशात मोठा वाद पेटला. आयुष्यभर प्रयोगशाळेत राहिलेला हा माणूस वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी निवडणुकीला उभा राहिला. ऑक्टोबर 1947 मध्ये ते डॅनिश संसदेवर निवडूनही आले. पण तोवर तब्येत ढासळली होती. आजारपणामुळे त्यांना संसदेत जाऊन बसताच आलं नाही. 17 डिसेंबर 1947 रोजी कोपनहेगनमध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या घरात याचा उपयोग काय?

एखाद्या घरात शुगरचा पेशंट अचानक गंभीर होतो, आयसीयूमध्ये नेतात, आणि डॉक्टर रक्ताच्या रिपोर्टमध्ये बायकार्बोनेटचा आकडा पाहतात. हा बायकार्बोनेट म्हणजे कार्बोनिक अ‍ॅसिडचा कॉन्जुगेट बेस. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 या अरुंद पट्टीत राहावा लागतो. शरीरात आम्ल वाढलं की बायकार्बोनेट पुढे होऊन त्याचा प्रोटॉन घेतो, स्वतः कार्बोनिक अ‍ॅसिड बनतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. म्हणूनच अशा पेशंटचा श्वास खोल आणि जलद होतो. साठा कमी पडू लागला की रिपोर्टमधला आकडा खाली येतो. तिथे काय चाललंय हे समजून घ्यायला ब्रॉन्स्टेड यांची दोन ओळींची व्याख्या पुरते. डॉक्टर, नर्स किंवा लॅब टेक्निशियन व्हायचं स्वप्न पाहणाऱ्या आपल्या मुलींनी आणि मुलांनी ही व्याख्या घोकू नये, समजून घ्यावी.

समजून घ्यायची सोपी युक्तीही ब्रॉन्स्टेड यांच्याच विचारात आहे. समोर समीकरण आलं की हा पदार्थ आम्ल आहे का, एवढंच विचारून थांबू नका. तो कुणासमोर उभा आहे, प्रोटॉन कुणी दिला, कुणी घेतला आणि देणाऱ्याकडे काय उरलं, हे चार प्रश्न विचारा. जे उरलं तोच कॉन्जुगेट बेस. एवढं जमलं तर जोड्यांची यादी पाठ करावी लागत नाही.

आणि घरी आई-वडिलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोरक्या झालेल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या सावत्र आईने शाळेसाठी दुसऱ्या शहरात नेलं होतं. आपल्या ओळखीत असं एखादं मूल असेल, तर त्याची शाळा सुटू देऊ नका.